कोकणात बॅटरी बांधणीचं युनिट काढायचंय? सरकारी मदत कुठे मिळते, कुठे नाही आणि कागद कोणत्या क्रमाने करायचे

पेपरात 'बॅटरी उद्योगाला हजारो कोटी' अशी बातमी आली की दोन दिवसांत मला तीन-चार फोन ठरलेले. एखादा देवगडचा, एखादा गुहागरचा, एखादा बोरिवलीत बसून गावी परतायचा हिशेब मांडणारा. प्रश्न एकच: "दादानू, ह्यातला आपल्याक काय गावतला?"

मी कुडाळ परिसरात लिथियम बॅटरीचे पॅक बांधतो. सेल बाहेरून येतात. आम्ही ते तपासतो, जुळवतो, पेटीत बसवतो. या कामासाठी सरकारी योजनेतून कर्ज काढलं, अनुदान घेतलं आणि दोन-तीन ठिकाणी सपाटून आपटलोही. फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो. त्या बातमीतलं आपल्याला काहीच मिळत नाही. जे मिळतं ते दुसऱ्या खात्यातून, दुसऱ्या नावाने आणि अर्ज वेळेत केला तरच.

ती हजारो कोटींची योजना कोणाची?

बातमीतली मुख्य योजना म्हणजे केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाची प्रगत रसायन सेलसाठीची उत्पादन-आधारित प्रोत्साहन योजना. मे २०२१ मध्ये मंजूर झाली, रक्कम १८,१०० कोटी, उद्दिष्ट देशात वर्षाला ५० गिगावॉट-तास क्षमतेचे सेल कारखाने (एक गिगावॉट-तास म्हणजे दहा लाख किलोवॉट-तास). सेल म्हणजे बॅटरीचा मूळ दाणा, पॅक नव्हे. बोली लावायची तर किमान ५ गिगावॉट-तासाचा कारखाना हवा आणि दर गिगावॉट-तासामागे किमान २२५ कोटींची गुंतवणूक. म्हणजे दारात पाऊल टाकायलाच ११२५ कोटी. त्यात देशांतर्गत मूल्यवर्धन, म्हणजे मालाच्या किमतीतला देशातच तयार झालेला वाटा, दोन वर्षांत २५ टक्के आणि पाच वर्षांत ६० टक्के दाखवायचं. पैसे हातात पडतात ते माल विकल्यावर.

आमच्याकडे घरगुती इन्व्हर्टरचा जो मोठा पॅक बनतो तो ५.१२ किलोवॉट-तासाचा असतो. पाच गिगावॉट-तास म्हणजे असे पावणेदहा लाख पॅक. रोज १० पॅक आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर सव्वातीनशे वर्षं लागतील, आणि त्यांना तेवढं एका वर्षात हवं आहे. ओला, रिलायन्स, राजेश एक्स्पोर्ट्स अशांना मिळून ५० पैकी ४० गिगावॉट-तास दिले गेले. टाटांचा सेल कारखाना साणंदला, एक्साइडचा बेंगळुरूला, अमर राजाचा तेलंगणात. कोकणात यांपैकी एकही नाही, आणि माझ्या मते त्यात रडण्यासारखं काही नाही. सेल बनवायला अशी खोली लागते जिथल्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं तो) उणे ४० अंशांच्याही खाली राखावा लागतो, म्हणजे हवा कमालीची कोरडी. आपल्याकडे जुलैत कपाटातले कपडे वाळत नाहीत. तिथे ती खोली राखायचं वीजबिल कोण भरणार?

आपलं दार आहे ते पॅक बांधणीचं, दुरुस्तीचं, जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याचं आणि पुढे कधी जमलंच तर कच्च्या मालाचं.

आधी गिऱ्हाईक, मग अर्ज

बँकेचा साहेब पहिला प्रश्न हाच विचारतो, म्हणून आपणही इथूनच सुरू करावं. ई-स्कूटरचे पॅक बनवायची हौस सगळ्यांना असते. मी नको म्हणतो. गाडीच्या बॅटरीला लागणाऱ्या चाचण्या लहान माणसाचा श्वास काढतात, त्याबद्दल पुढे येईलच. शिवाय गाडी बनवणारा आपल्याकडून पॅक कशाला घेईल?

कोकणातली खरी मागणी वेगळी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मुरुड-दापोली भागात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. तेव्हापासून होमस्टेवाले, दवाखाने आणि आंबा-काजू प्रक्रियावाले इन्व्हर्टरच्या बॅटरीवर विचार करून पैसे घालतात. दुसरं गिऱ्हाईक मच्छीमार. होडीवरचे दिवे, वायरलेस, मासे शोधायचं यंत्र, सगळं १२ किंवा २४ व्होल्टवर चालतं आणि शिशाची जड बॅटरी खाऱ्या हवेत लवकर मान टाकते. तिसरं, सोलर पथदिवे आणि ग्रामपंचायतींची कामं; पण तिथे उधारी फार.

या तिघांपैकी एक निवडा. दहा संभाव्य गिऱ्हाइकांकडून साध्या कागदावर 'इतके पॅक, अंदाजे अमुक महिन्यात घेऊ' असं लिहून सही घ्या. कायद्याने त्याला फार वजन नाही. पण माझ्या प्रकल्प अहवालातली तीच पानं साहेबाने नीट वाचली. बाकीची चाळून बाजूला ठेवली.

जागा आणि सातबाऱ्यावरची सदतीस नावं

कोकणात उद्योग अडतो तो बहुतेक इथे. आजोबांच्या नावची जमीन, सातबाऱ्यावर सदतीस नावं, त्यातली नऊ वारलेली, चार मुंबईत आणि एकाशी बोलणं बंद. असली सामाईक जमीन बँक तारण घेत नाही. संमतीपत्रं गोळा करण्यात दोन गणपती जातात. त्यामुळे सुरुवात भाड्याच्या शेडमध्ये करा, नोंदणीकृत भाडेकरारासह. औद्योगिक विकास महामंडळाच्या (एमआयडीसी) वसाहती आहेतच: रत्नागिरीला मिरजोळे, खेडला लोटे परशुराम, चिपळूणला खेर्डी, सिंधुदुर्गात कुडाळ, रायगडात महाड आणि रोहा. तिथला भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो, पण पहिल्या वर्षी भूखंडात पैसे अडकवू नका. कुणाचा रिकामा गाळा भाड्याने मिळतो का ते बघा.

गाळा ठरवण्याआधी चार गोष्टी तपासा.

पहिली म्हणजे जागा ग्रामपंचायतीत येते की नगरपंचायतीत. कुडाळ, लांजा, गुहागर, दापोली ही गावं आता नगरपंचायती आहेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागाला अनुदान जास्त आहे, आणि 'आमचं गावच तर आहे' हे तोंडी सांगून भागत नाही, ग्रामीण भागाचा दाखला लागतो. हद्दीची रेषा गाळ्याच्या कुठल्या बाजूने जाते यावर दहा टक्के ठरतात.

दुसरी, पूररेषा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं ते चित्र आठवा आणि त्या पाण्यात चार्ज केलेले दोनशे पॅक कल्पून बघा. तळमजला रस्त्यापेक्षा उंच हवाच.

तिसरी, भरतीरेषेपासूनचं अंतर. समुद्राला किंवा खाडीला लागून जागा असेल तर किनारपट्टी नियमनाचा नकाशा आधी बघा. सह्याद्रीच्या पायथ्याला असाल तर गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आहे का तेही बघून ठेवा.

चौथी, थ्री फेज वीज. महावितरणकडे लोड मागणी आधी टाका. शेड तयार आणि मीटर नाही, अशी अवस्था मी दोघांची पाहिली आहे.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीसाठी अर्ज करताना कामाचं वर्णन नेमकं लिहा. नुसतं 'बॅटरी उत्पादन' असं लिहिलं की समोरच्याच्या डोळ्यांसमोर शिशाचा कारखाना उभा राहतो, आणि तो लाल, म्हणजे सर्वांत प्रदूषणकारी, वर्गात मोडतो. 'तयार सेलची केवळ जुळवणी व तपासणी. रसायन हाताळणी नाही, सांडपाणी नाही' असं लिहून प्रक्रियेचं एक साधं चित्र जोडा.

नोंदण्या, झटपट

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आधारवर, घरबसल्या, फुकट होते. कोणी हजार रुपये मागितले तर देऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असली तर आपण सूक्ष्म उद्योग. जीएसटी, पॅन, चालू खातं हे सीए करून देईल. राज्याच्या परवानग्यांसाठी मैत्री हे एक खिडकी पोर्टल आहे, पण माझा सल्ला असा की पोर्टल उघडण्याआधी एकदा जिल्हा उद्योग केंद्रात प्रत्यक्ष जा. सिंधुदुर्गवाल्यांसाठी ओरोस, रत्नागिरीकरांना रत्नागिरी, रायगडवाल्यांना अलिबाग. तिथला अनुभवी माणूस दहा मिनिटांत सांगतो ते पोर्टल दहा दिवसांत सांगत नाही.

मूळ पैसा कुठून येतो

लहान युनिटसाठी कणा म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. उत्पादन उद्योगाला प्रकल्प खर्चाची मर्यादा ५० लाख. सर्वसाधारण गटातल्या अर्जदाराने स्वतःचे १० टक्के घालायचे. अनुदान शहरी भागात १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांनी स्वतःचे ५ टक्के घालायचे आणि अनुदान शहरी २५, ग्रामीण ३५ टक्के. दहा लाखांवरच्या उत्पादन प्रकल्पाला किमान आठवी पास हवं. योजनेची मंजुरी २०२५-२६ पर्यंतची होती, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवर मुदत बघूनच पुढे जा. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही याच धर्तीचा आहे आणि जिल्हा उद्योग केंद्रातूनच चालतो. दोन्हींचं अनुदान एकाच युनिटला घेता येत नाही.

आकड्यांत मांडतो. २५ लाखांचा प्रकल्प, ग्रामीण भाग, सर्वसाधारण गटातला पुरुष. स्वतःचे अडीच लाख, बँकेचं कर्ज साडेबावीस लाख, अनुदान सव्वासहा लाख. तोच प्रकल्प घरातल्या बाईच्या नावावर असता तर स्वतःचे सव्वा लाख आणि अनुदान पावणेनऊ लाख. म्हणून लगेच बायकोचं नाव पुढे करायला धावू नका. मुलाखत तिची होते, प्रशिक्षण तिला घ्यावं लागतं, सह्या तिच्या. ती खरोखर धंदा बघणार असेल तर उत्तम; माझ्या ओळखीतल्या दोन सर्वांत नीटनेटक्या शेड बायकाच चालवतात. आणि पती-पत्नीपैकी एकालाच लाभ मिळतो.

आता ज्याच्यावर लोक फसतात ते. हे सव्वासहा लाख आपल्या हातात येत नाहीत. ते बँकेत आपल्या नावाने तीन वर्षांच्या ठेवीत अडकतात. ठेवीवर व्याज नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही. तीन वर्षांनी युनिट चालू असल्याची पाहणी झाली की ती रक्कम कर्जात वळती होते. म्हणून अनुदान येणार म्हणून कुणाकडून उसने घेऊ नका. शेड उभी राहते ती कर्जावर आणि आपल्या अडीच लाखांवर.

क्रम असा: पोर्टलवर अर्ज, उद्योग केंद्राची छाननी, बँकेकडे शिफारस, बँकेची मंजुरी, उद्योजकता प्रशिक्षण, पहिली उचल, मग अनुदानाची मागणी. मी या क्रमात एक घोडचूक केली. सेलची क्षमता तपासायचं यंत्र पुण्यात एका बंद पडलेल्या युनिटकडून स्वस्तात मिळत होतं. मंजुरी 'आठवड्याभरात येतेच आहे' असं शाखेतून तोंडी सांगितलेलं. मी रोखीने उचललं. मंजुरी आली अकरा आठवड्यांनी. बिलावरची तारीख मंजुरीआधीची आणि यंत्र जुनं. प्रकल्प खर्चात ते धरलंच गेलं नाही. स्वस्तात घेतलेलं यंत्र शेवटी सगळ्यांत महाग पडलं. आधीपासून चालू असलेल्या युनिटलाही ही योजना लागू होत नाही, तेव्हा 'आधी सुरू करू, मग अर्ज करू' हा विचार डोक्यातून काढा. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत फक्त कोटेशनं गोळा करायची.

दुसरी अडचण जास्त खोल आहे आणि ती याच धंद्याची आहे. सीएकडे तयार असलेला प्रकल्प अहवाल बहुधा फर्निचर नाहीतर मसाल्याच्या युनिटचा असतो. त्यात यंत्रं मोठी आणि खेळतं भांडवल छोटं. बॅटरी बांधणीत उलटं आहे. यंत्रं म्हणजे वेल्डिंग मशीन, तपासणी यंत्र, टेबलं, डीह्युमिडिफायर, झालं. खरा पैसा सेलच्या साठ्यात. सेल येतात आगाऊ पैसे देऊन, पेटीने. त्यांवर १८ टक्के जीएसटी आधी भरायचा, तो वळता होतो माल विकला की. गिऱ्हाईक पैसे देतं साठ दिवसांनी. म्हणजे आज सेलमध्ये घातलेला रुपया परत हातात यायला सहज तीन-साडेतीन महिने लागतात. हे अहवालात दिसलं नाही तर यंत्रं येऊन पडतात आणि टेबलावर ठेवायला सेल नसतात. सीएला स्पष्ट सांगा: महिन्याला इतके पॅक, एका पॅकला इतके सेल, इतक्या दिवसांचं चक्र. त्याचबरोबर हेही लक्षात ठेवा की या योजनेत खेळत्या भांडवलाची मर्यादा वापरली गेली पाहिजे. तीन वर्षांत एकदा तरी पूर्ण आणि सरासरी ७५ टक्क्यांच्या खाली नको. उगाच फुगवून मागितली तर अनुदानाला कात्री लागते. जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरत नाहीत.

तारणाचं काय? सदतीस नावांचा सातबारा घेऊन बँकेत गेलो तेव्हा साहेब हसले नाहीत एवढंच. ठरावीक मर्यादेपर्यंत (२०२५ साली ती दहा लाख होती) सूक्ष्म उद्योगाकडे तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यावरच्या रकमेला पत हमी न्यास आहे, म्हणजे तारणाऐवजी बँकेला कर्जाची हमी देणारी सरकारी व्यवस्था, ज्याची मर्यादा एप्रिल २०२५ पासून १० कोटी झाली. हमीचं शुल्क लागतं. शाखेत 'आमच्याकडे हे करत नाहीत' असं ऐकायला मिळालं तर वाद घालू नका. अर्जात लेखी लिहा की पत हमी न्यासाखाली कर्ज हवं आहे, आणि पोच घ्या. तोंडी नकार द्यायला कोणाचं काही जात नाही, लेखी द्यायचा तर कारण लिहावं लागतं. माझी फाईल ज्या दिवशी पोच घेतली त्या दिवसापासून हलली.

राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना ही यावरची वेगळी गोष्ट. २०१९ च्या योजनेत तालुक्यांची वर्गवारी होती आणि मागास तालुक्यातल्या उद्योगाला वीज शुल्क, मुद्रांक शुल्क, व्याज, राज्य जीएसटी यांत सवलती होत्या. कोकणातले बरेच तालुके वरच्या सवलतीत बसत होते. अर्जाच्या दिवशी कोणता शासन निर्णय लागू आहे ते उद्योग केंद्रातून छापील घ्या. शेडच्या दस्ताला मुद्रांक शुल्क भरण्याआधी हे विचारायचं. नंतर परतावा मागणं म्हणजे ओहोळ उलटा वाहवणं.

शेडच्या आत: ओल आणि मीठ

सरकारी योजनेच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण कर्जाचा हप्ता जातो तो परत न येणाऱ्या मालातून, आणि माझा पहिला माल परत आला.

मालवणच्या एका होडीवाल्याला २४ व्होल्टचा पॅक दिला होता. चौथ्या महिन्यात तो पॅक काखोटीला मारून दारात उभा. "तुझी बॅटरी तुकाच रवांदे." पेटी उघडली. सेल ठणठणीत. पण सेलला जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर, बोल्टच्या कडेकडेने, देवळातल्या जुन्या समईवर असतो तसा हिरवट थर. बीएमएसच्या, म्हणजे पॅकवर नजर ठेवून धोका दिसला की पुरवठा तोडणाऱ्या यंत्रणेच्या, सर्किटवर दोन जागी पांढरी बुरशीसारखी पूड. थरामुळे सांध्याचा रोध वाढला, सांधा तापला, बीएमएसने रक्षण म्हणून पुरवठा तोडला. होडीवाल्याच्या लेखी रात्री समुद्रात दिवे गेले, बस्स.

त्यानंतर आम्ही नुसतं तांबं बंद केलं. निकेलचा मुलामा दिलेल्या पट्ट्या. सर्किटवर संरक्षक लेप. पेटीला पाणी-धूळ अडवणारं गास्केट. आणि बांधणीच्या खोलीला वेगळं दार, आत डीह्युमिडिफायर, भिंतीवर आर्द्रतामापक. काटा ५० च्या वर असला तर त्या दिवशी पेट्या बंद करायच्या नाहीत, तपासणीचं काम करायचं. कारण पेटी बंद करताना आत जी हवा कोंडली तीच रात्री गार होऊन पाणी सोडते. हे सगळं सामान प्रकल्प अहवालात यंत्रसामग्री म्हणून लिहा. मी लिहिलं नव्हतं, खिशातून घातलं.

सेल जुळवणी हे दुसरं. ५१.२ व्होल्टच्या पॅकमध्ये ३.२ व्होल्टचे १६ लिथियम आयर्न फॉस्फेट सेल एकामागे एक जोडलेले असतात. पंधरा सेल १०० अँपिअर-तासांचे आणि एक ९२ चा असला तर पॅक ९२ चाच. प्रत्येक सेलचा व्होल्टेज, अंतर्गत रोध आणि क्षमता मोजून वहीत क्रमांकाने लिहा. ही वही पुढे वॉरंटीला, बँकेला आणि चाचणी केंद्रालाही दाखवता येते. तयार पॅक अर्धवट चार्ज ठेवूनच रचा, भरून नको.

चाचण्या आणि शिक्के

हातातल्या उपकरणांत जाणाऱ्या सेल-बॅटऱ्यांना आयएस १६०४६ खाली भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. दुचाकी-तीनचाकीच्या पॅकला एआयएस-१५६ हे वाहन मानक, मोठ्या वाहनांना एआयएस-०३८. २०२२ च्या उन्हाळ्यात ई-स्कूटर पेटल्या, त्यानंतर हे नियम कडक झाले; एक सेल पेटला तर आग शेजारी पसरते का, हेही तपासतात. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत या चाचण्या होतात. पॅक तिथे बुडवतात, आपटतात, जाळतात, आणि तो परत मिळत नाही. म्हणूनच म्हटलं, गाडीच्या पॅकच्या नादाला पहिल्या वर्षी लागू नका.

माल विमानाने किंवा जहाजाने पाठवायचा असेल तर यूएन ३८.३ हा वाहतूक-सुरक्षेच्या चाचणीचा अहवाल लागतो. सेल घेतानाच विक्रेत्याकडून त्यांचा अहवाल मागा. द्यायला टाळाटाळ केली तर तो माल कुठल्या तरी कारखान्याने नाकारलेला असतो असं समजा.

दर्जाची घडी बसवायला केंद्राची झेड प्रमाणपत्र योजना आहे. सूक्ष्म उद्योगाला शुल्कात ८० टक्के सवलत, महिलांच्या युनिटला पूर्ण. कांस्य पातळीचं प्रमाणपत्र तरी घ्या. शेड आवरली जाते हा वरचा फायदा.

जुन्या बॅटरीची जबाबदारी

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार स्वतःच्या नावाने बॅटरी विकणारा तो 'उत्पादक', मग सेल कुणाचेही असोत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी, दरवर्षी विवरण, पेटीवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चिन्ह. लहान युनिटवाले हे हमखास विसरतात आणि सरकारी निविदा भरताना अडकतात.

याच अंगाने एक संधी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली, २०३०-३१ पर्यंत. त्यातला तिसरा हिस्सा लहान आणि नव्या उद्योगांसाठी राखीव. पण प्रोत्साहन आहे ते प्रत्यक्ष धातू वेगळा काढणाऱ्याला. नुसत्या बॅटऱ्या फोडून काळी पूड करणाऱ्याला नाही. ते रसायनाचं, सांडपाण्याचं काम आहे आणि नदी-खाडीच्या काठी मी तरी ते मागणार नाही. गोळा करणं, तपासणं, त्यातले चांगले सेल कमी भाराच्या कामाला वेगळे काढणं आणि उरलेले नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राला देणं, एवढं आपल्याला झेपतं.

नव्या पिढीची बॅटरी: सोडियम

पुण्याच्या केपीआयटीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं. रिलायन्सने फॅराडियन ही ब्रिटिश कंपनी घेतली तीही याचसाठी. सोडियम स्वस्त, मुबलक, आणि लिथियमला एका बाजूने लागणारं तांबं इथे लागत नाही, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालतं. वजन जास्त, म्हणून गाडीपेक्षा घराच्या कोपऱ्यात ठेवायच्या बॅटरीला योग्य. एक व्यवहाराची अडचण: चार्ज-डिस्चार्जमध्ये तिचा व्होल्टेज फार वरखाली होतो, त्यामुळे बाजारातला इन्व्हर्टर बुजतो. ज्याला इलेक्ट्रॉनिक्स येतं त्याने इथे डोकं घालावं.

कोकणाशी तिचा धागा नारळाचा. तिच्या ऋण बाजूला लागणारा कठीण कार्बन करवंट्यांसारख्या जैविक मालापासून, प्राणवायूविना हजार अंशांच्या वर भाजून करता येतो. करवंटी आपल्याकडे चुलीत जाते. अर्थात चूल आणि बॅटरी यांच्यामध्ये शुद्धता, कणांचा आकार आणि बरीच वर्षं आहेत. हे संशोधनाचं काम आहे, शेडचं नाही.

यासाठीचा सरकारी पैसा वेगळ्या खिडकीतून येतो. नमुना बनवायला विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचं निधी-प्रयास, १० लाखांपर्यंत, प्रयास केंद्रांमार्फत. स्टार्टअप इंडिया सीड फंडात नमुन्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान. अर्जाची खिडकी उघडी आहे का ते पोर्टलवर बघा. संस्थांसाठी राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचं ई-वाहन अभियान, ज्यात उष्ण हवामानाला चालतील अशा बॅटऱ्या हा विषयच आहे. लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठासारख्या संस्थेतला प्राध्यापक बरोबर असेल तर अर्जाला वजन येतं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक्सच्या साहित्यावर काम करणारी संस्था आहेतच.

मात्र इथे वाट फुटते, ती आधीच समजून घ्या. रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं कर्ज एका व्यक्तीच्या नावावर. स्टार्टअपची मान्यता कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारीला, एकट्या मालकाच्या दुकानाला नाही. सीड फंडात आधी इतर सरकारी योजनेतून दहा लाखांहून जास्त मदत घेतलेली चालत नाही. म्हणून पॅक बांधायचे असतील तर पहिली वाट, नवं काही शोधायचं असेल तर दुसरी. दोघे भाऊ असाल तर एकेकाने एकेक घ्या.

विक्री, उधारी आणि ती पाटी

सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर नोंदणी करा. सूक्ष्म-लघु उद्योगाला अनामत रकमेत सूट आहे. पैसे ४५ दिवसांत न देणाऱ्यावर समाधान पोर्टलवर तक्रार करता येते. तक्रार करावी लागत नाही, बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापला तरी मोठ्या गिऱ्हाइकाचा अकाउंटंट सावध होतो, कारण उशीर केला तर त्या वर्षी त्यांना तो खर्च आयकरात दाखवता येत नाही.

तीन वर्षांनी पाहणीचा माणूस येतो. चालू यंत्रं, हजेरी, वीजबिलं, विक्रीची बिलं, आणि दारावर 'पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमांतर्गत अर्थसहाय्यित' अशी पाटी. माझी पाटी पत्र्याची होती. तीन पावसाळ्यांत अक्षरं गंजून 'पंतप्रधान रोज' एवढंच वाचता येत होतं. तो माणूस हसला आणि फोटोसाठी खडूने उरलेलं लिहायला लावलं. पाटी ॲल्युमिनियमची करून घ्या, स्क्रू स्टेनलेसचे.